पडद्याच्या मागच्या बाजूनं

आमच्या लहानपणी गणपतीच्या दिवसांत सोलापुरात गल्लोगल्ली पडद्यावरचे सिनेमे असायचे. दोन बांबू रोवायचे, मध्ये पांढरं कापड ताणायचं आणि मंडळाची पोरं भाड्यानं आणलेलं मशीन टेबलावर चढवायची. पडद्यासमोरची जागा संध्याकाळपासूनच धरलेली असायची. कुणाचं पोतं, कुणाची चटई, कुणाची नुसतीच वीट. आम्ही जेवून येईपर्यंत तिथं पाय ठेवायला जागा उरायची नाही. मग आम्ही मागं जाऊन बसायचो. कापड पातळ, त्यामुळं मागूनही सगळं दिसायचं, फक्त उलटं. नावं उलटी यायची, डावीकडचा गड उजवीकडं जायचा आणि महाराजांची तलवार डाव्या हातात असायची.

मी तीन-चार वर्षं महाराजांना असंच पाहिलं. चौथीत चित्रकलेच्या तासाला मी महाराज काढले, तलवार डाव्या हातात. बाईंनी वही उचलून विचारलं, "अरे, डाव्या हातात का?" मी ठामपणे सांगितलं, "बाई, मी पाहिलंय."

ते 'मी पाहिलंय' अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावरही, राजेरजवाड्यांवरचा एखादा सिनेमा सुटला की जिना उतरणाऱ्या गर्दीत तोच सूर कानावर येतो. वाचलेल्या गोष्टीवर माणूस वाद घालतो, ऐकलेल्या गोष्टीबद्दल शंका काढतो. पाहिलेल्या गोष्टीचं तसं होत नाही. ती थेट आठवणीत जाऊन बसते आणि तिथून तिला उठवणं फार अवघड जातं.

हे मी सिनेमाचा आणि सिनेमेवाल्यांचा राग म्हणून लिहीत नाही. मला हे सिनेमे आवडतात. आमच्या भागवत टॉकीजला पहिल्या दिवशीचं तिकीट काढून मी गेलोय, शेवटी कुणीतरी अंधारात गारद द्यायला सुरुवात केली की माझ्याही अंगावर काटा आलाय. शेजारी बसलेला अनोळखी माणूस सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसताना पाहून मीही पुसलेत. इतकं मनापासून पाहतो म्हणूनच काही गोष्टी सलतात. सिनेमा सुरू होण्याआधी तीन-चार सेकंद एक पाटी येते. घटना नाट्यमय केल्या आहेत, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही वगैरे. तोपर्यंत लोक खुर्च्या शोधत असतात. पुढचे अडीच तास मात्र सगळे एकटक पाहत असतात.

आमच्या पूर्व भागातल्या गल्लीत एक अण्णा होते. पद्मशाली, घरी तेलुगू, बाहेर मराठी, हातमागावर वॉल हँगिंग विणायचे. सोलापूरचं नाव निघालं की लोक चादर आणि टॉवेल म्हणतात. पण भिंतीवर लावायची विणलेली चित्रं हेसुद्धा इथलंच काम आहे. देवदेवता, पुढारी आणि सगळ्यात जास्त मागणी महाराजांना. अण्णा आधी मोठ्या ग्राफ कागदावर चेहरा उतरवून घ्यायचे. एक चौकोन भरला की तेवढा धागा ठरला. जवळून पाहिलं तर नुसते काळे-तपकिरी चौकोन, कुठं काय आहे ते कळायचं नाही. चार पावलं मागं सरकलं की एकदम नाक दिसायचं, मग दाढी, मग डोळे. तासन् तास मी तिथं उभा असायचो, पुढंमागं सरकत.

कॉलेजात असताना एकदा मी त्यांना विचारलं, "अण्णा, हा चेहरा कुठून घेतला?" त्यांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर दाखवलं. कॅलेंडर पाहिलं आणि मी गप्प झालो. तो चेहरा मी गणपतीत पडद्यावर पाहिलेला होता. एका नटाचा चेहरा चित्रकारानं कॅलेंडरवर घेतला होता, कॅलेंडरवरून तो अण्णांच्या ग्राफवर आला होता, आणि अण्णांच्या मागावरून शेकडो घरांच्या बैठकीत जाऊन महाराज म्हणून त्याची पूजा चालली होती.

तेव्हा मी इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांबद्दल नुकतंच वाचलं होतं. एकेकाळी महाराष्ट्रात शिवाजी महाराज म्हणून जे चित्र सर्रास छापलं जायचं ते मुळात इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं होतं. बेंद्र्यांनी ते दाखवून दिलं आणि डच लोकांच्या दप्तरातलं महाराजांचं चित्र लोकांसमोर आणलं. महाराजांच्या काळाला लागून असलेली अशी चित्रं आज आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एका बाजूनं काढलेला चेहरा, लांब बाकदार नाक, टोकदार दाढी, डोळ्यांत एक प्रकारची मिस्कील जाग. मी त्यातल्या एका चित्राची छापील प्रत अण्णांकडं नेली.

त्यांनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "नाक चांगलंय. विणायला सोपं जाईल. पण हे कोण घेईल, सांग की. लोक म्हणतील, हे महाराज नव्हेत."

मी हट्ट धरला म्हणून त्यांनी एक विणून दिलं. ते आजही आमच्या बैठकीत आहे. घरी नवीन आलेला प्रत्येक माणूस त्याच्याकडं पाहून विचारतो, "हे कोण?"

तर प्रश्न असा, की राजांवरच्या सिनेमात नाट्य किती चालेल. मला विचाराल तर पुष्कळ चालेल. कागद जिथं गप्प आहेत तिथं लेखकानं खुशाल बोलावं. आग्र्याहून निघण्याच्या आदल्या रात्री महाराज आणि संभाजीराजे एकमेकांशी काय बोलले हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. ती जागा लेखकाची. तिथं त्यानं आपली सगळी ताकद लावावी. पण जिथं कागद बोलतात तिथं त्यांच्यावर बोळा फिरवून वेगळंच लिहिणं मला पटत नाही. रिकामी जागा भरणं वेगळं आणि लिहिलेलं खोडणं वेगळं, माझा सगळा जीव एवढ्या एका फरकात अडकलेला आहे.

लोकपरंपरेनंसुद्धा जागा भरल्याच की. तानाजी मालुसऱ्यांची घोरपड आपल्याला तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यानं दिली. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, तिथं मावळे वानरासारखे कडा चढून जातात. गडाला सिंहगड हे नाव तानाजींच्या मरणावरून पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण १६६३ सालच्या पत्रात ते नाव आधीच आहे आणि तानाजी पडले १६७० च्या फेब्रुवारीत. मला शाहिराचा राग येत नाही. डफावर थाप मारून रात्रभर गाणाऱ्याला ऐकणारे लोक जाणून असतात की हे गाणं आहे. घोरपडीनं तानाजी लहानही होत नाहीत. चढण खरी, अंधार खरा, मरण खरं.

अहिल्याबाईंच्या बाबतीत मात्र मला रागच येतो. आमच्या सोलापूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पंढरपुरात होळकर वाडा आहे, या भागात त्यांच्याबद्दल घराघरात माया आहे. आणि तरी गोष्ट कुठली सांगतात, तर मालेरावाच्या रथाखाली वासरू आलं म्हणून अहिल्याबाईंनी पोटच्या पोराला रथाखाली द्यायचा हुकूम केला. नाट्य म्हणून भारीच. पण मालेराव १७६७ साली आजारानं गेला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेलेला, १७६६ साली मल्हारराव गेले, आणि त्यानंतर वर्षाच्या आत पोरगा. एवढं सगळं पोटात घालून ती बाई महेश्वरात बसून अठ्ठावीस वर्षं राज्य चालवते. ज्या आईनं पोराच्या आजारपणात रात्री काढल्या, तिला आपण टाळ्यांसाठी त्याच पोराला मारायला उभी करतो. तिच्या न्यायीपणाला असल्या गोष्टीची काय गरज होती?

संभाजी महाराजांचं तर याहून वाईट झालं. त्यांच्याविषयी शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणीसानं बखर लिहिली. त्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. घराण्याची ती जखम बखरीत उतरली. पुढं नाटकवाल्यांना त्यात नाट्य दिसलं, आणि कित्येक वर्षं रंगमंचावर आणि पडद्यावर एक व्यसनी, रागीट राजा फिरत राहिला. १९६० साली बेंद्र्यांचं चरित्र आलं, मग कमल गोखल्यांचं काम आलं, तेव्हा कुठं चित्र बदलायला लागलं. हे मुद्दाम सांगतो, कारण 'सिनेमाच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं' असं म्हणणारे हे विसरतात. नाटकानं एका राजाची तीन-चार पिढ्या बदनामी केली होती. आणि आता काटा दुसऱ्या टोकाला गेलाय. आताचे राजे चुकत नाहीत, थकत नाहीत, त्यांना कधी रात्री झोप येईनाशी होत नाही. संस्कृतमध्ये 'बुधभूषण' लिहिणारा तरुण राजा लेखणी घेऊन बसलाय, एखादा शब्द अडलाय, असं दृश्य मी अजून पाहिलेलं नाही.

हिंदीतही तेच. 'मुगल-ए-आझम' मी कितीतरी वेळा पाहिलाय, पुन्हा लागला तर पुन्हा पाहीन. पण अनारकलीला इतिहासाचा भक्कम आधार नाही. सलीमनं बापाविरुद्ध बंड केलं ते गादीसाठी. त्यानं अलाहाबादला आपला दरबार थाटला, १६०२ साली अकबराच्या जिवाभावाच्या अबुल फजलचा खून करवला. लेकानं आपल्या मित्राचं मुंडकं मागवलं हे कळल्यावर म्हातारा होत चाललेला बाप काय झाला असेल? तो प्रसंग प्रेमकथेखाली कायमचा दबून गेला.

आता आमच्याकडचं सांगतो. सोलापूरहून मंगळवेढ्याकडं जाताना भीमेच्या काठी माचणूर लागतं. सिद्धेश्वराचं देऊळ, नदीत उतरणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या, वर किल्ल्याची पडकी तटबंदी. शेजारी ब्रह्मपुरी. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेब इथं तळ देऊन होता, गावाचं नाव त्यानं इस्लामपुरी केलं होतं. हिंदुस्थानची राजधानी म्हणजे तेव्हा भीमेच्या काठचं तंबूंचं शहर. श्रावणात मी तिथं गेलो की पायऱ्यांवर बसून समोरच्या उसाकडं बघत राहतो. याच मातीवर हत्ती, उंट, बाजार, सुभेदारांचे वकील, काबूलहून आलेले कागद. आणि त्या गर्दीत कुठंतरी एका तंबूत येसूबाई आणि तेरा-चौदा वर्षांचे शाहूराजे, कैदेत. शाहूंवर माया करणारी बाई कोण, तर औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा. एवढं सगळं एका तळावर असताना सिनेमात औरंगजेब म्हणजे काळोख्या दालनात दात खाणारा, वचवच बोलणारा एक माणूस. असला माणूस पंचवीस वर्षं मराठ्यांशी झुंजला असेल का? आणि असल्या माणसाशी झुंजायला संताजी-धनाजींची काय गरज होती?

त्याच्या आयुष्यातला जो प्रसंग मी सिनेमात घातला असता तो सांगोला तालुक्यात घडला. १७०० साल. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी कारभार हातात घेतला, आणि बादशहा एकामागून एक गड घेत सुटला होता. पावसाळा संपताना छावणी माण नदीकाठी खवासपूरला पडली. माण तुम्ही पाहिली असेल तर कळेल, वर्षातले बहुतेक महिने नुसती वाळू. त्या नदीला रात्री अचानक लोंढा आला. अंधारात तंबू, जनावरं, माणसं वाहून जायला लागली. ओरडा ऐकून ब्याऐंशीला टेकलेला बादशहाही धावत सुटला. त्याला वाटलं मराठे छावणीत घुसले. धावताना ठेचकाळला आणि उजवा गुडघा निखळला. तो शेवटपर्यंत लंगडत राहिला. दरबारी म्हणायचे, हा तर तुमचा पूर्वज तैमूरलंग याचा वारसा.

पाण्याच्या आवाजाला मराठे समजून पळणारा सम्राट. यात एकही शब्द पदरचा घालायची गरज नाही. मराठ्यांचा धाक दाखवायला याहून मोठं दृश्य कुठल्या लेखकाला सुचेल? तलवारीला तलवार न लावता पंचवीस वर्षांच्या लढ्याचं सगळं माप त्या एका निखळलेल्या गुडघ्यात आहे.

बादशहा गेल्यावर १७०७ साली शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले. परतीच्या वाटेवर पारद गावच्या पाटलाशी चकमक झाली, पाटील मारला गेला, आणि त्याच्या विधवेनं आपलं लहान पोर आणून शाहूंच्या पायांवर घातलं. बापाला मारणाऱ्याच्याच पायांवर. शाहूंनी ते उचललं, पहिलीच फत्ते झाली म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह, आणि स्वतःच्या मुलासारखं वाढवलं. अक्कलकोटचं संस्थान त्याचं. स्वामींच्या दर्शनाला दरवर्षी लाखो लोक अक्कलकोटला जातात, राजवाड्यातलं शस्त्रागारही बघतात. त्या तलवारींच्या मागं ही आई उभी आहे हे त्यातल्या किती जणांना कुणी सांगितलं असेल?

एक बाजू मात्र मान्य करायलाच हवी. सिनेमेवाल्यांच्या हातात नेहमीच सगळं नसतं. १९३० साली आमच्या सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच साली प्रभात कंपनीनं महाराजांवर बोलपट नव्हे, मूकपट काढला. नाव होतं 'स्वराज्याचं तोरण'. इंग्रज सरकारला 'स्वराज्य' हा शब्द खपला नाही, मग त्याचा 'उदयकाल' करावा लागला. गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा होता अशा त्या सोलापुरात एका राजाच्या सिनेमाचा अर्थ लोकांना न सांगता कळत असणार. राजांवरचा सिनेमा नेहमी थोडा आजचाही असतो, तो तसाच राहणार. म्हणूनच आपण आज त्यात काय घालतो याची जास्त काळजी वाटते.

मला सगळ्यात जास्त हवा आहे तो कारभार करणारा राजा. लढाई वर्षातून काही दिवस, राज्य मात्र रोजचं. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना महाराजांनी लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात महाराज सांगतात, पावसाळ्यासाठी जमवलेली वैरण आणि दाणा जपून वापरा. आत्ताच उधळलात तर पुढं घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी दाणे आणेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजी. जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिलेत ते निघून जातील, त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. आणि मग आगीबद्दल. कुणी नको तिथं चुली मांडतील, कुणी तंबाखूला विस्तव घेतील, गवत जवळ आहे, वारा सुटलाय याचं भान ठेवणार नाहीत. रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीच्या गंजी जळून जातील.

आईला सिनेमा फार आवडायचा. थिएटरला न्यायचो, महाराज दिसले की हात जोडायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी काही दिवस टीव्ही बंद ठेवायला सांगितला, तेव्हा मी रात्री तिला काहीबाही वाचून दाखवायचो. एका रात्री हे पत्र वाचलं. आधी नुसती ऐकत होती. उंदराशी आलो तेव्हा म्हणाली, "थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

तिचं माहेर मोहोळ तालुक्यातलं. ती लहान असताना त्यांच्या मळ्यात कडब्याची गंज पेटली होती. तिचे वडील रात्रभर पाणी मारत होते, सकाळी बैलांसमोर टाकायला काही उरलं नव्हतं. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राजाला हेबी ठावं होतं?"

आणि डोळ्यावर पट्टी तशीच, भिंतीला हात लावत उठली, देवघरापर्यंत गेली आणि समईची वात चाचपून तिनं आत सारली.